देवाचा जबाब

शिरूर तालुक्यात पोलीस अधिकारी असतानाची एक घटना अजून मनातून जात नाही. भीमेकाठच्या एका गावातून एक वृद्ध शेतकरी बेपत्ता झाला होता. थोरल्या मुलाने स्वतः ठाण्यात येऊन बेपत्ता झाल्याची तक्रार दाखल केली होती. नदीकाठ, विहिरी, नातेवाईक, सगळीकडे शोध घेतला. काही हाती लागले नाही.

एका सकाळी पोलीस पाटलांचा फोन आला.

"साहेब, म्हाताऱ्याच्या धाकट्या सुनेच्या अंगात आलंय. देव म्हंतोय, आबा उसात पाइपलाइनच्या चारीखाली हाय."

"देवाला ठाण्यावर घेऊन या," मी म्हणालो.

"चेष्टा न्हाई, साहेब. थोरल्याचं तोंड बघा येऊन."

तहसीलदारांच्या समक्ष चारी उकरली. आमचा हवालदार नारळ फोडल्याशिवाय खोऱ्याला हात लावेना. "खात्याला खर्च न्हाई साहेब, नारळ माझा हाय," असे त्याने वर ऐकवले. प्रेत निघाले. डोक्यात मागून घाव होता.

थोरल्याला चौकशीसाठी आणले. चारी खणायला बाहेरचे मजूर होते, तिथे प्रेत कोणीही पुरले असू शकत होते, त्यामुळे जागेवरून काही सिद्ध होत नव्हते, आणि हे त्याला माहीत होते. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "देव बोललाय न्हवं? मंग देवालाच इचारा."

धाकटी सून विधवा. पदरी एक लहान मुलगी. महिला कॉन्स्टेबलने दिलेला चहा तिने तसाच ठेवला.

"मला काय बी आठवत न्हाई. देव बोलला."

"बाई, देवाचा जबाब मला नोंदवता येत नाही."

मला माझी आई आठवली. तिने मेंढरे राखून मला शिकवले. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी तिच्यामुळे झालो. तिच्याही अंगात यायचे. एरवी तिला गप्प बसवणारे वडील तेव्हा हात जोडून समोर बसत. मला शाळेत घालायचे, हेही त्यांनी तसेच ऐकले होते. कॉलेजात गेल्यावर मी ते सारे अंधश्रद्धा म्हणून मागे टाकले होते.

मी प्रश्न बदलला. "बोललात तर तुमचं काय होईल?"

तिने पहिल्यांदा वर पाहिले. "माझी पोर कुठं निजंल, साहेब?"

तिचा भाऊ दौंडला रेल्वेत कामाला होता. त्याला बोलावून घेतले. तो आला आणि एवढेच म्हणाला, "आक्का, दोघी बी चला. आमी खातो त्यात तुमचं बी भागंल."

मग ती बोलली. सासरा जमिनीतला तिचा वाटा तिच्या नावावर करणार होता. थोरल्या दिराने गोठ्यामागे त्याच्यावर कुदळ घातली. तिने ते कुडाच्या फटीतून पाहिले होते, आणि रात्री प्रेत उसातल्या चारीकडे नेतानाही. तिने सांगितल्याप्रमाणे कडब्याच्या गंजीखालून कुदळ निघाली. पात्यावर रक्त होते.

कोर्टात आरोपीच्या वकिलांनी तिला घेरले. "गावापुढे बोलला तो देव, की तुम्ही?" देव म्हणावे तर साक्ष जाते. 'मी' म्हणावे तर देवाच्या नावाने खोटे बोलल्यासारखे होते. तिने पदर नीट केला.

"तवा देव बोलला. आज मी बोलतीय. डोळ्यांनी बघितलंय."

आरोपीला जन्मठेप झाली. सासरच्यांनी तिचे नाव टाकले. मुलीला चुलतभावंडे परत दिसली नाहीत.

निवृत्तीनंतर दौंडच्या बाजारात ती भेटली. भाजी विकत होती. मी सहज विचारले, "अजून देव येतो का?"

"न्हाई. कोर्टात उभी ऱ्हायले तवापासनं एकदा बी न्हाई. रोज भंडारा लावून बसते." ती मेथीच्या जुड्या सारख्या करत राहिली. "मी माझ्या तोंडानं बोलले, ते त्याला आवडलं नसंल का, साहेब?"

साक्षीदार गप्प असेल, तर त्याला काय ठाऊक आहे याच्याआधी बोलल्यावर त्याचे काय होईल ते विचारावे. त्या केसने मला हे शिकवले आणि नव्या अधिकाऱ्यांनाही मी तेच सांगत आलो. अंगात येण्यावर माझा आजही विश्वास नाही. पण आज आई असती, तर बाजारातला तो प्रश्न मी तिला विचारला असता.