वेटिंगमधला वाढदिवस

माझ्या आईचा वाढदिवस मी एका हॉटेलच्या दारात उभा राहून ठरवला. पंचांग पाहिलं नाही, कोणाला विचारलं नाही. भूक लागली होती आणि टेबल रिकामं नव्हतं, एवढंच.

मी फार बोलणारा माणूस नाही. नोकरी ग्रंथालयात. तिथे 'शांतता राखा' अशी पाटी आहे आणि ती वाचकांपेक्षा मीच जास्त मनावर घेतली, असं बायको म्हणते. घरी कोणी काही विचारलं तर मी 'हं' म्हणतो. त्यात हो, नाही, बघू आणि भाजीत मीठ कमी आहे, हे सगळं येतं. अशा माणसाच्या तोंडून एकदाच चारचौघांत आपणहून काहीतरी निघालं आणि नेमकं तेच खोटं होतं.

अमरावतीत शनिवारी संध्याकाळी घरी स्वयंपाक करणाऱ्याची आता लोक प्रकृती विचारतात. सगळं गाव हॉटेलांच्या दारात असतं. त्या शनिवारी आम्हीही होतो: मी, बायको, मुलगी आणि आई. आई सहसा येत नसे. "तिथं काय राह्यते, सगळं पनीर," ती म्हणायची. "वांगं मांगतलं तं देत नाईत." पण नातीनं हट्ट धरला म्हणून आली, आणि आल्या आल्या कळलं की बाहेरच्या खुर्च्याही भरलेल्या आहेत. आईचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. ती भिंतीला टेकून उभी होती आणि दर दोन मिनिटांनी पाय बदलत होती.

"अहो, जरा बोला ना त्यांच्याशी," बायको म्हणाली.

मी दारावरच्या माणसाकडे गेलो. तेवढ्यात आमच्यानंतर आलेलं एक कुटुंब माझ्या डोळ्यांदेखत आत गेलं. मी नुसतं पाहिलं. माझं पाहणं त्याला टोचलं असावं.

"त्यांच्याकडे बर्थडे आहे, सर," तो म्हणाला.

"आमच्याकडेही आहे," मी म्हणालो.

"कोणाचा?"

मी मागे वळून पाहिलं. मुलगी मोबाइलमध्ये होती. बायकोचा वाढदिवस तिच्या ऑफिसातल्या बायकांनी इथेच साजरा केला होता, म्हणजे ती ओळखीची. उरली आई.

"आईचा."

आम्हाला कोपऱ्यातलं, एसीपासून लांबचं टेबल मिळालं. मी कोणाला काही बोललो नाही. टेबल मिळालं म्हणजे प्रकरण मिटलं, अशी माझी समजूत होती. टोमॅटो सूप आलं. आईनं चमचाभर चाखलं. "हे तं टमाट्याचं सार हाये," ती म्हणाली. "फोडनी इसरले." मग पनीर आलं, आणि ते रश्श्यात शोधावं लागलं नाही म्हणून तिनं खाल्लं.

जेवण संपत आलं आणि दिवे गेले.

"लाइन गेली," आई म्हणाली.

लाइन गेली नव्हती. स्पीकरवर गाणं सुरू झालं आणि सगळे वेटर टाळ्या वाजवत एका बशीत ब्राउनी घेऊन आमच्याकडे यायला लागले. ब्राउनीवर फुलझडीसारखी मेणबत्ती तडतडत होती. आईही टाळ्या वाजवायला लागली. कोणाचंही चांगलं झालेलं तिला आवडतं.

"कोनाचा हाये?" तिनं विचारलं.

"आजी, तुमचाच!" वेटर म्हणाला.

आईनं माझ्याकडे पाहिलं. बायकोनंही पाहिलं, पण ते पाहणं वेगळं होतं.

आईचा जन्म हिवरखेडचा. तिथल्या शाळेत मास्तरांनी सगळ्या मुलांची जन्मतारीख एक जून लिहिली होती. आधार कार्डावरही तीच आहे. कागदोपत्री अर्धं हिवरखेड एकाच दिवशी जन्मलं आहे. ही तारीख खरी नाही, हे आईला माहीत होतं. खरी कोणती, हे कोणालाच माहीत नव्हतं.

"तुले कसं मालूम?" ती म्हणाली.

इथे मला थांबता आलं असतं. 'टेबल मिळावं म्हणून सांगितलं' म्हटलं असतं तर ती हसली असती, दोन शिव्या दिल्या असत्या आणि ब्राउनी खाल्ली असती. पण आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक मोबाइल वर धरून शूटिंग करत होते. वेटर टाळ्या वाजवत उभे होते. मी घाबरलो.

"बाबांनी सांगितलं होतं," मी म्हणालो. "जाण्याच्या आधी."

माझे वडील सज्जन होते, पण त्यांच्या डोक्यात कपाशीचे भाव सोडून कोणतीच गोष्ट टिकत नसे. अख्ख्या संसारात त्यांनी आईला आपणहून एक प्रेशर कुकर आणून दिला, तोही जुन्याचं झाकण उडून छताला लागलं म्हणून. 'या मानसाले माह्यं काई मालूम नाई,' हे आईचं त्यांच्याबद्दलचं कायमचं मत होतं आणि ते गेल्यावरही तिनं ते बदललं नव्हतं.

"त्याईले मालूम होतं?" आई म्हणाली.

"हं."

"अन् मले कधी बोलले नाईत."

"हं."

"मनात ठेवलं त्याईनं," असं म्हणून ती वाकली आणि मेणबत्ती फुंकायला लागली. ती मेणबत्ती फुंकून विझत नाही, आपली आपण संपते. आई ती संपेपर्यंत फुंकत राहिली. लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

घरी जाताना ऑटोत बायको माझ्या कानाशी म्हणाली, "आता निस्तरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांच्या फोटोला मोगऱ्याचं फूल होतं. डिसेंबरात मोगरा कुठून आणला कोण जाणे. मग ते रोजचं झालं. मोगरा नसेल तेव्हा शेवंती, शेवंती नसेल तेव्हा शेजाऱ्यांच्या कुंपणावरची जास्वंद. फोटोशी ती बोलायलाही लागली, आणि तक्रारीच्या सुरात नव्हे. मी चहाचा कप घेऊन तिथून जायचो तेव्हा वडील माझ्याकडे बघताहेत असं वाटायचं. हे काय चालवलंस, असं.

नातीनं तिला सांगितलं, "आजी, मग तुझी रास धनू." आई रोज पेपरातलं भविष्य वाचायला लागली आणि ते पाळायला लागली. 'वाणीवर संयम ठेवा' लिहिलं असेल त्या दिवशी ती दुपारपर्यंत बोलत नसे. मला ते बरं वाटायचं आणि लगेच त्याची लाज वाटायची. 'प्रवास टाळा' आलं म्हणून एकदा तिनं गुडघ्याच्या डॉक्टरकडे जायचं रद्द केलं. डॉक्टर आमच्या गल्लीतच आहेत.

दरवर्षी डिसेंबरात आम्ही त्याच हॉटेलात, त्याच कोपऱ्यात. मॅनेजर तिला दारात घ्यायला यायचा. नवीन वेटर टाळ्या नीट वाजवत नसले तर ती त्यांना दाखवून द्यायची. वर्षभरात ती स्वतःसाठी काही मागते असा तो एकच दिवस होता, आणि तो मी बनवलेला होता.

चौथ्या वर्षी मावशी आली. आईची धाकटी बहीण, लग्नानंतरही हिवरखेडातच राहिलेली. बहिणीचा वाढदिवस म्हणून ती मुद्दाम लुगड्याची घडी मोडून आली होती. मसाला पापड येईपर्यंत सगळं ठीक होतं.

"पन मी काय मनतो बाई," मावशी पापडाचा कोपरा मोडत म्हणाली, "तू तं उन्हायातली हाये. माय सांगे ना. अंगनात कुरडया घालून राह्यली होती अन् पोटात दुखाले लागलं. अर्ध्या कुरडया तशाच वाया गेल्या. डिसेंबरात कोन कुरडया घालते?"

"तू होती का तवा?" आई म्हणाली.

"मी कशी राहीन? मी तुह्या मांगची."

"मंग?"

"मले मायनं सांगतलं."

"अन् मले माह्या नवऱ्यानं सांगतलं."

"तुह्या नवऱ्याले काय मालूम? तो तं तुह्या लग्नात तुले ओयखे नाई. माह्या बाजूला येऊन उभा राह्यला होता."

आईनं पापडाची बशी आपल्याकडे ओढून घेतली. त्यानंतर दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. मेणबत्ती आली तेव्हा मावशीनं टाळ्या वाजवल्या नाहीत आणि ते आईनं पाहिलं.

रोज दुपारी त्या दोघींचा फोन चालायचा. कोणाकडे काय भाजी झाली इथपासून कोण मेलं इथपर्यंत. तो बंद झाला. दुपारी आई मोबाइल उशाशी घेऊन पडायची आणि वाजला नाही की उलटा ठेवायची. मला ते बघवेना. खरं सांगितलं तर बहीण परत मिळणार होती, पण इतक्या वर्षांनी मनासारखा झालेला नवरा जाणार होता. नाही सांगितलं तर उलट. मी महिनाभर 'हं'सुद्धा म्हटलं नाही.

शेवटी अकोल्याच्या मित्राला फोन केला. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. आता त्याचं कापडाचं दुकान आहे आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून झाल्यावरही त्याच्याकडे बोलणं शिल्लक असतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. आधी हसला, मग खोकला, मग म्हणाला, "सच बोल दे यार. पण जेवल्यावर. उपाशी पोटी सच पचत नाई, आदमी बिगडते."

तेवढ्यात मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आई म्हणाली, "भांडन अलग, डोया अलग. जाऊन येऊ." आम्ही तिघं निघालो, आई, बायको आणि मी. हिवरखेडच्या वाटेवर अकोला. मित्रानं जेवल्याशिवाय पुढे जाऊ देणार नाही म्हणून सांगितलं आणि जठारपेठेतल्या एका नव्या हॉटेलावर बोलावलं. माझं ठरलं होतं. जेवण, बडीशेप, मग सत्य.

रविवार दुपार. दारात गर्दी. मित्र आमच्या आधी येऊन मॅनेजरशी हुज्जत घालायला आत गेला होता. आम्ही बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. आई गुडघा चोळत होती.

"आज माह्यी तारीख असती," ती म्हणाली, "तं लगेच आत घेतलं असतं. तुह्या बाबाईच्या मेहेरबानीनं."

माझ्यानं राहवलं नाही. मी सांगितलं. टेबल, दारावरचा माणूस, मागे वळून पाहिलं ते, सगळं. बाबा काहीच बोलले नव्हते, हेही. बायको रस्त्यावरच्या रिक्षा मोजायला लागली.

आईनं गुडघा चोळायचं थांबवलं.

"काईच नाई बोलले?"

"नाही."

"चार वर्सं मी फुल वाह्यलं," ती म्हणाली. "त्या जास्वंदीपाई शेजारनीच्या शिव्या खाल्ल्या."

मित्र बाहेर आला. माझं तोंड बघून त्यानं विचारलं, "बोल दिया?"

"हं."

"उपाशी?"

"हं."

"मेलास."

आई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, एकेक पाऊल टाकत, ती दारातल्या काउंटरपर्यंत गेली. ती पर्स सांभाळत खणखणीत आवाजात म्हणाली, "आज माह्या पोराचा वाढदिवस हाये. किती वेय उभा ठेवसान त्याले?"

माझा वाढदिवस उन्हाळ्यात असतो. बायकोनं आभाळाकडे पाहिलं. मित्र भिंतीला धरून हसत होता.

आम्हाला टेबल मिळालं. जेवणानंतर दिवे गेले, गाणं लागलं, आणि माझ्या डोक्यावर कागदाचा सोनेरी मुकुट आला. ज्या माणसानं आपल्या लग्नातही फोटोत मागे उभं राहायचा प्रयत्न केला होता, त्याच्याभोवती आठ-दहा वेटर नाचले. आई सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती.

"फुक," ती म्हणाली.

मी फुंकलं. विझली नाही.

"जोऱ्यानं," आई म्हणाली. "मी फुकत होतो का नाई?"

मी संपेपर्यंत फुंकलं. मुकुट काढायला हात वर नेला तर तिनं माझा हात धरून खाली ठेवला.

"मावशीला काय सांगशील?" मी विचारलं.

"कुरडयाचं खरं हाये मनीन. पन हाटेलात डिसेंबरातच जायचं. उन्हायात त्या कोपऱ्यात एशी पुरत नाई."

"आणि फूल?"

तिनं माझ्या बशीतलं चॉकलेट चमच्यानं खरवडून घेतलं. "वाहीन ना. त्याईचा काय कसूर? त्याईले मालूम नोतं, पन त्याईनं लबाडी तं नाई केली." चमचा चाटून ती पुढे म्हणाली, "तुह्या फोटोचं मंग पाहू."

मित्रानं मावशीसाठी एक ब्राउनी बांधून घेतली. हिवरखेडला पोचलो तेव्हा मावशी काळा चष्मा लावून ओसरीत बसली होती. आई तिच्या शेजारी जाऊन बसली, डोळ्याचं विचारलं आणि डबा उघडून तिच्या मांडीवर ठेवला.

"हा काय कोयसा हाये?" मावशीनं बोटानं चाचपून विचारलं.

"वाढदिवसाचा हाये. खाय."

"कोनाचा?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. "तू सांग," ती म्हणाली. "पह्यलेपासून सांग."

मी घसा साफ केला आणि त्या शनिवारपासून सुरुवात केली. हॉटेलच्या दारापर्यंत आलो नसेन, तेवढ्यात मावशीनं काळा चष्मा नाकावर खाली ओढला.

"अव बाई," ती आईला म्हणाली, "हा बोलते?"