पौर्णिमेची चाचणी

तुळजापुरात ताईच्या गच्चीवर दाजी आणि मी वाय-फायच्या चिपांवरून वाद घालायचो, ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस. हे मी कुणाला सांगत नाही. सांगितलं की पुढचंही सांगावं लागतं.

दाजी शाळेत विज्ञान शिकवायचे. मी नोकरी सोडून लॉजवाल्यांना वाय-फाय बसवून द्यायच्या धंद्यात पडलो होतो. राउटरचे तयार डबे न घेता आम्ही आतले नुसते बोर्ड मागवायचो, त्यांवर आपलं सॉफ्टवेअर चढवायचो आणि लॉजच्या जिन्यात टांगायचो. शाळा सुटली की दाजी थेट गच्चीवर. सोल्डरिंगचा वास, शेजारी वाळत घातलेल्या कुरडया, आणि चहा गार होतोय म्हणून खालून ताईच्या हाकांवर हाका.

भांडण असायचं ते बोर्डावरच्या रेडिओ चिपचं. एक चिप जुनी होती. कागदावर वेग बेताचा, पण तिला चालवणारा प्रोग्राम सगळ्यांना खुला. काही अडलं तर दाजी आत शिरून दुरुस्त करायचे. दुसरी नवी, वेग कितीतरी जास्त, पण तिचा प्रोग्राम कंपनीनं कुलपात ठेवलेला. अडली तर का अडली हे कळायची सोय नाही. मला नवीच हवी होती. एका बुधवारी ओळखीच्या लॉजमध्ये ती लावून मी दाजींना मोबाईलवर वेग दाखवला. ते हसले.

"पाव्हणं, बुधवारी आपल्या गावात कुत्रंबी एकटंच फिरतंय. पौर्णिमेला लावा. जिना माणसांनी भरला की मग बघू."

ठरलं. पण पुढच्या पौर्णिमेला दाजींना पेपर तपासायला कळंबला जावं लागलं. नव्या चिपचा बोर्ड त्याच लॉजमध्ये मी एकट्यानं टांगला. सोलापूरच्या बस रिकाम्या झाल्या, देवीला आलेले लोक खोल्यांत येऊन मोबाईल उघडून बसले, आणि सगळ्यांचं नेट एकदम गेलं. बोर्डावरचा दिवा चालूच होता. बंद करून पुन्हा चालू केला, थोड्या वेळानं परत तेच. शेवटी जुन्या चिपचा बोर्ड लावला. तो दिवसभर एकदाही अडला नाही.

संध्याकाळी दाजींचा फोन आला. मी म्हणालो, "टिकला, दाजी. काहीच अडचण आली नाही."

का बोललो? कारण फार मोठं नाही. प्रत्येक वादात दाजींचंच खरं व्हायचं. एक तरी निवड माझी असावी, एवढंच होतं. कंपनी पुढं काहीतरी सुधारणा पाठवेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

माझ्या शब्दावर दाजींनी कोजागिरीच्या आदल्या आठवड्यात सगळीकडं नव्या चिपचे बोर्ड बसवले. ते कामही त्यांच्याकडं बघूनच मिळालं होतं. निम्म्या लॉजवाल्यांची पोरं त्यांच्या हाताखाली शिकलेली. कोजागिरीच्या गर्दीत सगळे लॉज एकाच सकाळी बंद पडले. दुपारी लॉजवाले ताईच्या दारात. त्यांतला एक म्हणाला, मास्तर, तुम्ही आपलं पोरांना शिकवा, हे तुमचं काम न्हाय. दाजींनी हात जोडले. "कुठला बोर्ड कुठल्या चॅनेलवर चालवायचा ते मी ठरवलं होतं. चूक माझीच असणार."

एकटा बोर्ड पौर्णिमेला टिकला होता, म्हणजे सगळे बोर्ड एकत्र लावताना आपलं काहीतरी चुकलं, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब बरोबर होता. त्यातली पहिलीच गोष्ट खोटी होती, आणि ती सांगणारा मी त्यांच्या शेजारी खाली मान घालून उभा होतो.

मी जुन्या चिपचे बोर्ड लावून धंदा सावरला. धाराशिवला दुकान झालं. दाजी परत कधी कामाला आले नाहीत. बोलावलं की म्हणायचे, आपल्याला जमत न्हाय ते.

यंदाच्या भाऊबीजेला ताईनं ओवाळलं आणि ती ताट घेऊन आत गेली. आता निवृत्त झालेल्या दाजींनी कपाटातून तेव्हाचाच, नव्या चिपचा एक बोर्ड काढला. म्हणाले, "अधनंमधनं बघत बसतो. माझं कुठं चुकलं ते अजून सापडंना."

मला वाटत होतं, ते कधीच विसरले असतील.

"दाजी, तुमचं चुकलं नव्हतं. त्या पौर्णिमेला हा माझ्यासमोर बंद पडला होता. मी तुमच्याशी खोटं बोललो."

त्यांनी बोर्ड उजेडात धरला. मग विचारलं, वेग हळूहळू उतरला का एकदम गेला? एकदम, म्हणालो. दिवा? चालू होता. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "त्यानंतर शाळेत रेडिओ लहरींचा धडा मी दुसऱ्या मास्तरांकडं दिला. पोरांपुढं उभं राहवंना."

मग त्यांनी कॅलेंडर बघितलं. "पौर्णिमेला या. मला डोळ्यांनी बघायचंय."

पौर्णिमेला त्याच लॉजच्या जिन्यात मी शिडीवर चढून तो बोर्ड लावला. दाजी खाली उभे. गर्दी वाढली आणि तो तसाच गेला, दिवा चालू ठेवून. लोक कुरकुरायला लागले. लॉजचा म्हातारा मालक बाहेर आला आणि दाजींना बघून म्हणाला, "मास्तर, परत तुमीच व्हय?"

"ते न्हाईत," मी शिडीवरून म्हणालो. "मी. तवाबी मीच होतो."

मालकानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. दाजींनी पिशवीतून जुन्या चिपचा बोर्ड काढला आणि वर माझ्या हातात दिला.