डमीची स्प्रिंग

डोंबिवलीच्या एका कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर होतो. रिटायर झाल्यावर स्वस्थ बसणं जमेना, म्हणून वर्तकनगरच्या आमच्या कॉलनीत सीपीआर शिकवायला लागलो. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, ते. गणपतीच्या उरलेल्या वर्गणीतून मंडळाने एक डमी आणून दिली. कमरेपर्यंतचं रबरी धड, आत स्प्रिंग. कारखान्यात दसऱ्याला मशिनांना हार घालायची सवय, तसा मी तिलाही झेंडूचा हार घालायचो. वर्गणीची वस्तू! तिला काही झालं तर मंडळाची पोरं माझं डोकं खातील, ही धास्ती. कुणी जोर लावला की मी खेकसायचो, "अहो, हळू! स्प्रिंग तुटेल!"

सात वर्षं मी हेच ओरडत होतो. स्प्रिंग शाबूत राहिली याचा मला अभिमानही होता. आज हे लिहितानाही कान गरम होतात.

शेजारच्या बिल्डिंगमधल्या वहिनी माझ्या पहिल्या बॅचच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचे मिस्टर सकाळी चहा पिता पिता खुर्चीतून खाली कोसळले. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत वहिनी एकट्या त्यांची छाती दाबत राहिल्या. ते गेले. तेराव्याला वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, मी बरोबर केलं ना? तुम्ही शिकवलेलं तस्संच केलं."

"अगदी बरोबर, वहिनी," मी बेधडक म्हणालो.

यंदा कॉलनीतली एक तरुण डॉक्टर वर्गाला आली. तिच्या फोनमध्ये एक अॅप होतं. फोन हाताच्या पंज्यावर पट्ट्याने बांधायचा आणि डमीची छाती दाबायची. दाब कमी पडला तर स्क्रीन लाल, बरोबर असेल तर हिरवा. "आधी सर!" सगळे ओरडले. मी ऐटीत गुडघ्यांवर बसलो. लाल. परत दाबलं. परत लाल.

"फोनचं काही खरं नाही," मी चिडून म्हणालो.

"काका, पाच सेंटिमीटर तरी खाली जायला हवं," ती हळूच म्हणाली. "तुमचं तीनसुद्धा जात नाहीये."

मला हे माहीत होतं, हीच तर लाज आहे. कारखान्यातल्या ट्रेनिंगमध्ये मी पाच सेंटिमीटर शिकलो होतो. वर्गणीच्या डमीपायी ते सोयीने विसरलो.

माझ्यानंतर उजळणीला आलेल्या वहिनींचा नंबर होता. त्यांचाही स्क्रीन लाल. त्यांनी फोनकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मी हसून म्हणालो, "तुमचं बरोबर आहे हो. फोन नवीन आहे." त्यांचा चेहरा सैल झाला. पट्टा सोडत त्या मागच्या बाईंना म्हणाल्या, "फोनकडे बघू नका. सर सांगतात तसं हळूच दाबा."

त्या मागच्या बाईंच्या घरी बायपास झालेले सासरे आहेत. ते मला ठाऊक होतं.

"थांबा," मी म्हणालो. "फोन बरोबर आहे. मीच चुकीचं शिकवलं. डमी खराब होऊ नये म्हणून."

मग वहिनी म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी ह्यांना..."

"माहीत नाही, वहिनी. जोरात दाबलं असतं तरी वाचले असते की नाही, कुणालाच सांगता येणार नाही."

डॉक्टरनेही मान डोलावली. ते खरंच होतं. पण माझ्या तोंडून ते पळवाट काढल्यासारखं वाटलं.

वहिनींनी फोन पुन्हा हाताला बांधून घेतला, पदर खोचला, गुडघ्यांवर बसून कोपरं ताठ केली आणि सगळ्या अंगाचा भार टाकला. स्क्रीन हिरवा झाला. डॉक्टर मोठ्याने आकडे मोजत होती. तीस झाले, एक फेरी पूर्ण झाली, ती मोजायची थांबली. वहिनी थांबल्या नाहीत. आणि त्यांना थांबा म्हणायचं तोंड मला उरलं नव्हतं.