येतानाचा रस्ता

विमानतळावरून घरी कसं पोहोचायचं, हे आमच्या हिच्या मामांइतकं पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या कुणालाच समजलेलं नाही. मामा म्हणजे सख्खे नव्हेत. हिच्या देवरुखच्या घरामागच्या आळीतले, पण परमुलखात एवढं नातंही सख्ख्याला भारी पडतं. मस्कतला एका एसीच्या कंपनीत ते फोरमन होते आणि राहायचे माबेलाला, म्हणजे शहराबाहेर, विमानतळाच्याही पलीकडे. आम्ही रुवीत, अगदी दुसऱ्या टोकाला. तरी आमच्याकडचा पाहुणा टॅक्सीने आला असं सात वर्षांत एकदाही घडलं नाही. मामा माबेलाहून विमानतळ गाठायचे, पाहुण्याला रुवीला आणून पोचवायचे, अर्धा कप चहा घ्यायचे आणि तोच रस्ता उलटा तुडवत घरी जायचे. आभार मानले तर त्यांना राग यायचा.

विमान सातला उतरणार असेल तर मामा पाचलाच कठड्याला टेकलेले असत. हातात पाहुण्याच्या नावाची पाटी, मग तो पाहुणा त्यांच्या मांडीवर खेळलेला का असेना. "तो ओळखतो हो मला," ते म्हणायचे, "पण आपलं नाव कुणीतरी लिहून आणलंय हे बघितलं की जिवाला बरं वाटतं." गाडीत थर्मासभर चहा, डबाभर चिवडा आणि मानेखाली घ्यायला उशी. एकदा तारखेचा घोळ होऊन माझ्या मेव्हण्याला आणायला ते आदल्या दिवशीच हजर झाले. मेव्हणा अर्थातच आला नाही. पण समोर एक मल्याळी म्हातारं जोडपं बावरून उभं होतं, त्यांचा मुलगा सूर नावाच्या गावाहून यायचा होता आणि त्याची गाडी वाटेत बंद पडली होती. मामांनी त्या दोघांना चिवडा खायला घातला आणि थेट सूरला नेऊन सोडलं. जाऊन-येऊन चारशे किलोमीटर. मी कपाळावर हात मारला, तर म्हणाले, "गाडी काढलीच होती, रिकामी कशी परत न्यायची?" दुसऱ्या दिवशी मेव्हण्यासाठी ते पुन्हा पाचला उभे.

या वेडाचं मूळ त्यांच्या पहिल्या दिवशी होतं. पंचविशीत मस्कतला उतरले तेव्हा कंपनीची गाडी आलीच नाही. भाषा येत नव्हती, पत्ता माहीत नव्हता. दिवसभर ट्रंकेवर बसून त्यांनी आईने दिलेली आंबापोळी संपवली. संध्याकाळी अर्बाबचा, म्हणजे मालकाचा, ड्रायव्हर आला, तोही भलत्याच माणसाला शोधत. तेव्हापासून मामांनी एक सिद्धांत बांधला होता आणि तो ते वेदवाक्यासारखा ऐकवायचे: "सोडायला कुणी नसलं तरी चालतं. जाणाऱ्याचं लक्ष पुढे असतं. उतरणाऱ्याला मात्र ओळखीचं तोंड दिसायलाच हवं." त्यामुळे सोडायला ते कधीच कुणाला गेले नाहीत. आणि स्वतः सुट्टीवरून परतताना तारीख कुणालाही न सांगता टॅक्सीने गुपचूप घरी यायचे. "मी काय, रोजचाच," म्हणायचे.

मामी गेल्या तेव्हा त्यांची लेक दहावीत होती. तिला मामांनी एकट्यानं वाढवलं. ती मस्कतच्या शाळेत शिकलेली, इंग्रजीत विचार करणारी, मराठी बोलताना शब्द चाचपडणारी, पण बापासारखीच हट्टी. शिक्षण संपवून ती जपानला ओसाकात नोकरीला निघाली, त्या दिवशी मामांच्या घरचा एसी गळायला लागला. एसीचा फोरमन स्वतःच्या घरच्या एसीपुढे हतबल होऊन स्टुलावर उभा राहिला आणि तिला विमानतळावर सोडायला मी गेलो. काचेच्या दारातून आत जाताना तिने दोनदा मागे वळून पाहिलं. मी हात हलवला, पण ती मला शोधत नव्हती.

त्यानंतर मामांना जपानचा छंद लागला. सगळ्या जपानचा नव्हे, विमानतळ ते ओसाका एवढ्याच रस्त्याचा. तो विमानतळ म्हणे समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर आहे. "उतरलात की जिना चढून दुसरा मजला. काचेचं दार, पूल, समोर स्टेशन. तिकिटाच्या यंत्रावर इंग्रजीचं बटण वर कोपऱ्यात. गाडी निघाली की दोन्ही बाजूंना समुद्र. डावीकडे बसा." हे त्यांनी गणपतीच्या आरतीला जमलेल्या मंडळींना सांगितलं, मत्रहच्या बाजारात कापड मोजणाऱ्या गुजराती शेटना सांगितलं, आणि सलालाहला सहलीला निघालेल्या एका कुटुंबालाही सांगितलं. कुणीतरी कॅमेरा हातात धरून तो सगळा रस्ता चालत गेलं होतं, तो व्हिडिओ मामा रोज बघायचे. त्यात एका वळणावर निळ्या टोपीचा एक झाडूवाला दिसायचा. तो आला की मामा म्हणायचे, "हा बघा आमचा माणूस." एका शुक्रवारी त्यांनी आमच्या दिवाणखान्यात रंगीत तालीमही घेतली. फ्रिज झालं तिकिटाचं यंत्र, सोफा झाला गाडी. हिला त्यांनी स्टेशनमास्तर व्हायला सांगितलं, तेव्हा मात्र ती भाजी चिरायला निघून गेली.

इतकं पाठ का करायचं, हे मी एकदा विचारलं. मामांनी थोडा वेळ चिवड्यातले शेंगदाणे वेचले. "ती म्हणाली, बाबा, इथे कोणी एअरपोर्टवर न्यायला येत नाही. इट्स सो ईझी, तुम्ही ट्रेन घ्या, मी माझ्या स्टेशनवर भेटते. कामाचा देश आहे, जावईबापू. बरोबरच आहे तिचं." बरोबर आहे, बरोबर आहे, असं ते तीनदा म्हणाले. मला फार वाईट वाटलं. आयुष्यभर दुसऱ्यांना न्यायला उभा राहिलेला हा माणूस आपल्यासाठी कुणीतरी एकदा उभं राहावं एवढंच मागत होता, आणि तेही तोंडाने मागत नव्हता.

शेवटी मामा जपानला गेले. गेले ते अगदी बिनचूक. जिना, पूल, यंत्र, डावीकडची खिडकी. निळ्या टोपीचा माणूस तेवढा भेटला नाही, याची चुटपुट त्यांनी फोनवर सांगितली. लेक ठरल्याप्रमाणे तिच्या स्टेशनवर भेटली. अकरा दिवस राहून ते परत यायचे होते, तर बाराव्या दिवशी पुन्हा फोन. "जावईबापू, विमान चुकलं. दोन दिवसांनी येतो. ऑफिसात कळवा." तारीख अशी अनवधानाने हाती लागल्यावर मी सोडतो थोडाच? पाटीवर मोठ्या अक्षरांत मामांचं नाव लिहिलं, थर्मास भरला आणि दोन तास आधी कठड्याला जाऊन टेकलो.

पाटी बघून मामा जागच्या जागी थांबले. "कशाला आलात उगीच," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. गाडीत बसल्यावर हकिगत कळली. लेकीची मीटिंग होती, म्हणून तिने ओसाकाच्या मोठ्या स्टेशनच्या दारातून निरोप दिला. विमानतळाची ती गाडी वाटेत एका स्टेशनवर दुभंगते. पुढचे चार डबे विमानतळाला जातात, मागचे चार वाकायामा नावाच्या दुसऱ्याच गावाला. मामा बसले मागे. "येतानाचा रस्ता पाठ होता," ते म्हणाले, "जातानाचा कोण पाठ करतो?" मला ते पटलं. मी हसलोसुद्धा.

माबेलाला त्यांनी पिशवीतून आमच्यासाठी आणलेला मिठाईचा खोका काढला, त्याबरोबर एक घडी घातलेला कागद बाहेर पडला. मी तो उचलला. लेकीच्या वळणदार, जपून काढलेल्या मराठी अक्षरांत लिहिलं होतं: बाबा, गाडी मध्ये तुटते. फक्त पुढच्या चार डब्यांत बसा. खाली दोन रेघा ओढल्या होत्या, आणि कागद इतक्या वेळा उघडून मिटलेला होता की घडीवर फाटायला आला होता.

मामा किल्ली शोधत होते, ती त्यांच्या हातातच होती.

"तिला फोन केला नि वाकायामाच्या स्टेशनवर बाकावर बसलो होतो," ते दाराकडे तोंड करून म्हणाले. "दीड तास. तेव्हा ट्रंकेवर बसलो तसा. मग जिन्यावरून ती दिसली. मीटिंग टाकून आली होती, धावत येत होती हो. रागावेल वाटलं. माझी बॅग घेतली नि म्हणाली, यल्ला बाबा, चला घरी." एवढं सांगून त्यांनी दार उघडलं. दोन दिवसांनी ती त्यांना सोडायला विमानतळापर्यंत आली, पुढच्या चार डब्यांत, त्यांच्या शेजारी बसून.

पुढच्याच वर्षी मामांचा व्हिसा संपला आणि ते कायमचे देवरुखला गेले. त्या दिवशी ऑफिसात काम आहे असं सांगून मी विमानतळावर गेलो नाही. सोडायला कुणी नसलं तरी चालतं, हे त्यांनीच शिकवलं होतं. पण चालत नाही, मामा. अजून माबेलावरून जाताना मी गाडी हळू करतो, तेव्हा कळतं की चालत नाही.