आवळलेला स्क्रू

बेटावरचं प्रत्येक इंजिन कधी ना कधी गुनेल एकमनच्या शेडमध्ये येऊन गेलेलं होतं. बाप गेल्यावर तिनं पाने-पक्कड हाती घेतले, त्याला छत्तीस वर्षं झाली. लग्न केलं नाही, चर्चला फारशी गेली नाही, पण चिरलेली पेट्रोलची नळी लावून एकही बोट तिनं पाण्यात जाऊ दिली नाही. "चालू काय, कोणीही करील," ती म्हणायची. "घरी परत आणते ती मोटार."

सप्टेंबरातल्या एका सकाळी धुकं धक्क्याला टेकलं होतं. म्हातारा आल्गोत हातगाडीवर ताडपत्रीत गुंडाळलेलं काहीतरी ढकलत आला. ताडपत्री सुटली आणि गुनेलनं हातातला पाना खाली ठेवला. ती रुनारच्या बोटीची, मागच्या फळीला टांगायची मोटार होती.

रुनार हा आल्गोतचा धाकटा भाऊ. एकतीस वर्षांपूर्वी अशाच धुक्यात त्याची बोट खाडीत गोल गोल फिरताना सापडली. आत कोणी नव्हतं. पेट्रोल संपेपर्यंत दोन तास ती एकाच मापाचे फेरे घालत राहिली आणि फिरत्या बोटीजवळ जाता येईना म्हणून माणसं काठावरून बघत राहिली. बोट हाती लागली तेव्हा फळीवर कॉफीचा भरलेला कप होता. थेंबही सांडला नव्हता. रुनार कधीच मिळाला नाही.

"माझी मोटार बसली," आल्गोत म्हणाला. "आणि हेरिंग मासळीचे दिवस आलेत."

"मधली एकतीस वर्षं हिला का नाही काढलीस?"

"दुरुस्त करणार आहेस की जबानी घेणार आहेस?"

गुनेलनं नळ्या फेकून दिल्या, कार्बोरेटरमधला डिंकासारखा गाळ खरवडला, प्लग बदलले, पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र नवं बसवलं. मोटार डावीकडे वळून घट्ट अडकली होती. गंज असेल म्हणून ते काम तिनं मागे ठेवलं. चौथ्या दिवशी पाण्याच्या पिंपात उभी करून तिनं दोरी ओढली. पहिल्याच हिसक्याला मोटार सुरू झाली. इतकी वर्षं पडलेलं इंजिन असं कधी सुरू होत नाही.

दाराशी उभा असलेला आल्गोत म्हणाला, "पुरे. बंद कर."

तिनं बटण दाबलं. मोटार चालूच. पुन्हा दाबलं. पिंपातलं पाणी काठावरून उसळत होतं, निळा धूर छताला भिडला होता.

"बंद कर ना गं तिला!" आल्गोत किंचाळला.

गुनेलनं चोक खेचून हवा तोडली, तेव्हा कुठे इंजिन गुदमरून थांबलं.

"बटणाची तार कुजलीय, दुसरं काही नाही," ती म्हणाली.

तार बदलून ती अडकलेल्या वळणाकडे वळली. हँडल किती सैल, किती कडक हे ठरवणारा एक स्क्रू असतो. त्याला गंज नव्हताच, आतलं ग्रीस अजून ओलं होतं. कोणीतरी तो जोर लावून शेवटपर्यंत आवळला होता. हात सोडला तरी मोटार वळलेलीच राहावी, असं वाटल्याशिवाय कोणी तसं करत नाही.

आल्गोत खोक्यावर बसला होता, हातात काळ्या पावाचा तुकडा तसाच.

"सापडला ना स्क्रू?" त्यानं विचारलं.

"तुला ठाऊक होतं?"

"तेव्हा बोटीवरून मोटार मीच उतरवली होती. आई होती तोवर सांगायला तो पाय घसरून पडला होता. मार्चमध्ये आई गेली."

"जाळं ओढायला हात मोकळे हवे असतील त्याला."

"जाळं घरीच होतं, गुनेल."

तिनं स्क्रू सैल केला. मग बंद करायच्या बटणात एक लाल दोरी बसवली आणि तिचं दुसरं टोक आल्गोतच्या मनगटात अडकवलं. "माणूस पाण्यात पडला की ही निसटते आणि मोटार जागच्या जागी बंद पडते."

"आणि कोणी आपणहून मनगटातून सोडवली तर?"

"त्याला माझ्याकडे इलाज नाही."

मोटार आल्गोतच्या बोटीला लावून दोघं खाडीत गेली. मोटार सुतासारखी सरळ चालली. मधोमध आल्गोतनं बटण दाबलं आणि ती थांबली. पण धुक्यातून मोटारीचा आवाज येतच राहिला. आधी उजवीकडून, मग मागून, मग डावीकडून.

"खडकांवरून घुमतोय," गुनेल म्हणाली.

"असेल."

दोघं बसून राहिली. घुमणारा आवाज इतका वेळ टिकत नाही, हे दोघांनाही कळत होतं. अखेर तो विरला. आल्गोतनं वल्ही उचलली.

"वल्हवतच जाऊ," तो म्हणाला. धडधाकट मोटार मागे असूनही गुनेलनं दुसरं वल्हं घेतलं.