सत्त्याण्णव अधिक एक

दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची माझी खोड जुनीच आहे. तेलीबांध्याच्या तलावावर आम्ही सहा म्हातारे-म्हाताऱ्या सकाळी फिरून एका बाकाशी जमतो. पलीकडच्या बाकावर कधीमधी ती एकटीच बसलेली असायची. ट्रॅकसूट साधा, पण अंबाडा असा घट्ट की वाऱ्यानं एक केस हलत नसे. समोरून कोणी गेलं की मान झुकवून हसायची आणि अंगठा हळूच मांडीवर दाबायची.

चौथ्या वेळी मला राहवलं नाही. "काय मोजून राहिली, बेटा?"

ती लाजली. "आदत झाली, काका. मी एअर होस्टेस आहे. विमानात बसलेली माणसं अंगठ्यानं यंत्राचं बटण दाबून मोजावी लागतात. इथं मुक्काम पडला की ओळखीचं कोणी नसते, मग अशीच मोजत बसते. आज सत्त्याण्णव झाले."

"तुले धरून?"

"नाही! आम्ही स्वतःले नाही मोजत, काका." हे तिनं हसतच सांगितलं.

माझ्या बायकोनं चिल्याचा, म्हणजे तांदळाच्या धिरड्यांचा, डबा उघडला. "काहून तिकडे बसली, पोरी? इकडे सरक. चिला थंडा होऊन राहिला."

ती आली. मिरचीच्या चटणीनं तिचं नाक लाल झालं, अंबाड्यातून एक बट सुटली, तिला पत्ताच नव्हता.

उठताना सवयीनं अंगठा पुन्हा चालू झाला. आम्ही सहा जण मोजून झालो. मग ती थांबली, खुदकन हसली, आणि तिनं अंगठा आणखी एकदा दाबला.