परक्या प्रथिनाचा स्फटिक

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की काका आधी त्याचा चष्मा काढून आपल्या हातात घेत आणि मग लेकीचं कौतुक सुरू करत. चष्म्याविना माणूस जाणार कुठे? दांडीचा स्क्रू आवळायला एक मिनिट पुरतं, काकांना अर्धा तास लागे.

काका सांगत ते बहुतेक खरंच होतं. उन्हाने आपल्या पेशींतल्या डीएनएची रोज थोडीफार मोडतोड होते, आणि ती हुडकून नेमका तेवढाच तुकडा कापून काढणारी प्रथिनं शरीरातच असतात. त्यातल्या एका प्रथिनाचा आकार लेक शोधत होती. ते बिघडलेलं घेऊनच जन्मलेल्या मुलांना दिवसाउजेडी अंगणातही जाता येत नाही. आकार कळला तर निदान औषधाची दिशा तरी सापडेल. पण काम महाचिकट. माणसाचं जनुक जिवाणूत घालायचं, जिवाणूकडून प्रथिन बनवून घ्यायचं, ते गाळून गाळून शुद्ध करायचं, आणि थेंबाथेंबाने ठेवून स्फटिक धरतो का याची वाट पाहायची; स्फटिक धरला तरच क्ष-किरणांनी आकार मोजता येतो. लेकीने त्यात ऐन उमेदीची वर्षं घातली. लग्नाचं विचारून विचारून नातेवाईक दमले, थेंब काही बधले नाहीत.

मग एकदाचे स्फटिक धरले. सुईच्या टोकाएवढे, पण स्वच्छ, आणि क्ष-किरणांखाली त्यांनी ठिपक्यांची सुरेख नक्षी दिली. संस्थेच्या संचालकांनी लगेच एका परिषदेत घोषणा करून टाकली. काकांनी ती गल्लीत केली. लेकीच्या कायमच्या नोकरीची मुलाखत तोंडावर आली होती आणि नोकरी आता खिशात पडल्यासारखीच होती.

त्या रविवारी लेक घरी आली आणि जेवणाच्या टेबलाशीच तिने सगळं सांगितलं. ठिपक्यांवरून आकार काही केल्या जुळेना, म्हणून तिने सहज जिवाणूच्या स्वतःच्या प्रथिनांशी ताडून पाहिलं होतं. एकाशी तो तंतोतंत जुळला. इतकं गाळूनही जिवाणूचं एक किरकोळ प्रथिन चिमूटभर मागे राहिलं होतं. तिचं प्रथिन मख्ख बसून राहिलं आणि स्फटिक धरला तो या आगंतुकाने. संचालकांचं म्हणणं पडलं, काम चालू आहे एवढंच बोला, मुलाखत होऊन जाऊ द्या.

आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. काकांच्या डोळ्यांपुढे मात्र अख्खी गल्ली उभी राहिली.

"साहेब बरोबर सांगतायत," ते हळूच म्हणाले. "थोडे दिवस गप्प राहिलीस तर कुणाच्या काय लक्षात येणार आहे?"

"बाबा, ती घोषणा ऐकून दुसऱ्या दोन प्रयोगशाळांनी हेच काम बंद केलंय. त्यांना वाटतंय, आमचं झालं. मी गप्प बसले तर तेवढे दिवस त्या आजारी मुलांचे वाया जातात."

काकांना स्वतःची लाज वाटली. आपण गल्लीचा विचार करत होतो आणि पोरगी कुठल्या कुठे पोचली होती. ताट बाजूला सारून ते म्हणाले, सांगून टाक.

तिने मुलाखतीत बसल्या बसल्या पहिल्यांदा तेच सांगितलं. नोकरी लांबणीवर पडली, संचालकांनी बोलणं टाकलं, आणि ती पुन्हा जिवाणू वाढवायला लागली. त्या दोन प्रयोगशाळांनी काम परत हाती घेतल्याचं तिने फोनवर सांगितलं, तेव्हा तिचा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा लागला.

गल्लीत बातमी काकांच्या आधीच पोचली होती. समोरचे वकील एका दुपारी रस्ता ओलांडून मुद्दाम दुकानात आले आणि लेकीच्या स्फटिकाचं काय झालं म्हणून गोड आवाजात विचारू लागले. काकांनी हातातली फ्रेम खाली ठेवली.

"तो तिच्या प्रथिनाचा नव्हता. चूक झाली होती," ते म्हणाले.

"अरेरे. कुणी पकडली?"

"माझ्या मुलीने."

"आणि केली कुणी होती?"

"तीही माझ्या मुलीनेच," काका ताठ उभे राहून म्हणाले. "नोकरी हातातून जात असताना भर मुलाखतीत स्वतः सांगितली. तुमची एवढी वर्षं कोर्टात गेली वकीलसाहेब, असा एक तरी माणूस बघितलात?"